बावीस अक्षरांची चिठ्ठी

गेल्या महिन्यात श्रीगोंद्याला नात्यातलं एक लग्न होतं. काष्टीहून श्रीगोंदा जवळच, त्यामुळे घरातले सगळेच गेलो. पंगतीत माझ्या शेजारी आमची नात बसली होती. वय पंधरा, यंदा दहावीला. अंगाने थोडी भरलेली आहे. जिलबी वाढत आलेल्या आमच्या नात्यातल्या एक बाई (नाव घेत नाही, त्या हे वाचतात) तिच्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "हिला वाढू, की परातच ठेवू पुढ्यात?"

पंगत हसली. मीही हसलो. हे सुरुवातीलाच कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं ठरेल.

नंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या सौ.च्या लक्षात आलं, की पोरीचा डबा रिकामा येतो खरा, पण डब्याला भाजीचा डागही नसतो. चौकशी केल्यावर कळलं, डबा शाळेत जाताना वाटेतल्या एका गाईच्या तोंडी जातो. रात्री 'अभ्यास आहे, जेवले की झोप येते' म्हणून अर्धी भाकरी. एक दिवस तोल जाऊन पडली तेव्हा हे सगळं बाहेर आलं. मी समजावायला बसलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आबा, मी काय मुद्दाम जाड झालेय का?"

चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलो. पोरांचे प्रश्न ऐकायची सवय आहे, पण याला उत्तर नव्हतं. मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध म्हणजे विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांच्या तासाला जाऊन पोरांना गप्प बसवण्यापुरता! पण प्रश्न घरातला होता. पुण्याला माझा एक भाचा कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्याला रोज रात्री फोन करून पिडलं, त्याने धाडलेलं वाचलं, समजलं नाही ते पुन्हा विचारलं. महिनाभराच्या त्या शिकवणीतून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे. मास्तर असल्यामुळे मांडणी शाळेची होणार, सांभाळून घ्या.

असं समजा, हेडमास्तरांच्या कपाटात शाळेचं एक जाडजूड मूळ पुस्तक कुलपात आहे. ते कधी बाहेर निघत नाही. जे पान लागेल त्याची नक्कल उतरवायची, शिपायाने ती वर्गावर न्यायची आणि शिक्षकाने त्याप्रमाणे काम करायचं. आपल्या प्रत्येक पेशीत असंच चालतं. मूळ पुस्तक म्हणजे डीएनए. नक्कल म्हणजे आरएनए, त्यातला 'निरोप्या' आरएनए. आणि वर्गात होणारं काम म्हणजे प्रथिन तयार होणं. शाळेत शिकवतात ते इतकंच.

आता गंमत पुढे आहे. शिपाई नक्कल घेऊन व्हरांड्यातून निघाला, की वाटेत कुणीतरी येऊन त्या नकलेवर एक छोटी चिठ्ठी डकवतं. चिठ्ठीचा अर्थ : 'हे काम करू नये', किंवा 'कमी करावे'. नक्कल वर्गात पोचते तरी काम होत नाही, नाहीतर नक्कलच फाडून टाकली जाते. मूळ पुस्तकातलं एक अक्षरही बदललेलं नाही, पण वर्गाचा दिवस मात्र बदलला. ही चिठ्ठी म्हणजे मायक्रो आरएनए, सूक्ष्म आरएनए म्हणू. किती लहान? जेमतेम बावीस अक्षरांची! आणि तिची सुरुवातीची सहा-सात अक्षरं नकलेवरच्या मजकुराशी जुळली तरी काम भागतं. त्यामुळे एकच चिठ्ठी पुष्कळ निरोपांवर बसते आणि एका निरोपावर पुष्कळ चिठ्ठ्या बसू शकतात. माणसाच्या शरीरात अशा शेकडो प्रकारच्या चिठ्ठ्या आहेत.

पहिली चिठ्ठी सापडली ती एक मिलिमीटर लांबीच्या एका अळीत. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली ते प्रसिद्ध केलं. त्या वेळी बहुतेकांना वाटलं, अळीचं काहीतरी असेल, आपल्याला काय त्याचं? पुढे २००० साली दुसरी एक चिठ्ठी सापडली. ती अळीत होती, माशीत होती आणि माणसातही होती. मग मात्र सगळे खडबडून जागे झाले. २०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं ते यासाठीच.

१९९३ हे साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता चरबीकडे वळतो. आपल्याला वाटतं चरबी म्हणजे अंगावर चढलेला लोण्याचा गोळा. तसं नसतं. चरबी पेशींमध्ये साठते आणि त्या मेदपेशी जन्मतःच मेदपेशी नसतात. शरीरात काही मूळ पेशी असतात. त्यांना हाड होता येतं, स्नायू होता येतं, मेदपेशीही होता येतं. दहावी झालेल्या पोरासारखं त्यांचं असतं. कोणत्या शाखेला जायचं ते अजून ठरायचं असतं, आणि एकदा ठरलं की मागे फिरणं जवळपास नाहीच. मेदशाखेच्या प्रवेश समितीचा जो अध्यक्ष आहे, त्या प्रथिनाचं नाव पीपीएआर-गॅमा. त्याची सही झाल्याशिवाय कुणी मेदपेशी होत नाही.

आणि ही सही होऊ द्यायची की नाही, यावर चिठ्ठ्यांचा ताबा आहे! शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्यांना क्रमांक दिलेत. २७ आणि १३० या क्रमांकाच्या चिठ्ठ्या अध्यक्षाच्याच निरोपावर बसतात आणि प्रवेश रोखून धरतात. १४३ क्रमांकाची उलट मदत करते. २००४ साली प्रयोगशाळेत माणसाच्या कच्च्या मेदपेशींमधली ही १४३ दाबून टाकली, तर त्या पेशी पक्क्या मेदपेशी होईनात. लठ्ठ बायकांच्या पोटावरची चरबी तपासली, तर तिच्यात १३० क्रमांकाची चिठ्ठी कमी आणि अध्यक्षाचा निरोप जास्त आढळला. म्हणजे दारावरचा राखणदारच अशक्त!

आता मला सांगा, या चिठ्ठ्या आमच्या नातीने लिहिल्या का?

"मग काय, सगळं चिठ्ठ्यांवर ढकलून रोज वडापाव खायचा का?" असं तुमच्यातले दोघे-तिघे लगेच म्हणणार, मला नावानिशी माहीत आहेत. थोडं थांबा.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली एक सुंदर काम केलं. १९५५ ते १९६३ या काळात मोठ्या देशांनी जमिनीवर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्यामुळे हवेत एक विशिष्ट कार्बन वाढला आणि तो अन्नातून माणसांच्या पेशींत उतरला. त्या खुणेवरून पेशीचं वय काढता येतं. (विनाशातून असंही काही हाती लागतं!) त्यांना आढळलं ते असं : मेदपेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात वाढते आणि मग मोठेपणी जवळजवळ कायम राहते. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात, तेवढ्याच नव्या येतात. माणूस वाळला, अगदी पोटाची शस्त्रक्रिया करून वाळला, तरी पेशी कमी होत नाहीत, फक्त लहान होतात. म्हणून कमी केलेलं वजन परत यायला टपलेलं असतं. 'चार दिवस तोंड बंद ठेव, आपोआप उतरेल' हे आपलं जे ठरलेलं वाक्य आहे, ते किती उथळ आहे बघा.

पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. मेदपेशी मुळात शत्रू नाही. ती कणगी आहे. सुगीत धान्य जास्त झालं तर ते कणगीत भरतो ना, तसं. कणगी पुरेशी असेल तर घर स्वच्छ राहतं. पण कणगीच लहान असेल, ताणली जात नसेल, तर? धान्य ओसरीवर सांडणार, स्वयंपाकघरात सांडणार, देवघरातही जाणार. शरीरात ते यकृतात सांडतं, स्नायूंत सांडतं, आणि तिथून मधुमेहाची वाट सुरू होते. म्हणजे दिसायला काटक माणूसही आतून चरबीने भरलेला असू शकतो.

याचा पुरावा हवा तर माझ्याकडे बघा. आयुष्यात पंचावन्न किलोच्या वर कधी गेलो नाही. 'मास्तर म्हणजे उदबत्ती' असं गाव म्हणायचं. आणि वीस वर्षं मधुमेहाच्या गोळ्या खातोय. आमच्या जाड मेहुण्यांची साखर अजून नॉर्मल! इतकी वर्षं मी हे देवाचं गणित समजत होतो. ते गणित नीट मांडलं आपल्या पुण्यातल्याच माणसाने.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर गोऱ्या साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! वजनकाटा सारखाच, आतला माल वेगळा.

आणि हे कधीपासून? तर जन्मापासून. पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. साल १९९३. तिकडे अमेरिकेत अळीतली चिठ्ठी वाचली जात होती, त्याच वर्षी इकडे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात या अभ्यासाची सुरुवात होत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. 'हडकुळं पण चरबीदार' बाळ. ही मुलं मोठी झाली. अठराव्या वर्षी ६१९ जणांची तपासणी झाली, तर निम्मी मुलं-मुली वजनाने कमीच भरली, आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर बिघडलेली निघाली. खेड्यातली, शेतात राबणारी, वाळकी पोरं ही! यांना कोण म्हणेल 'खादाड'?

आता चिठ्ठी आणि बाळ या दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे येतो. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली गाभण उंदरांच्या माद्यांना प्रथिनं कमी असलेलं खाणं दिलं. त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या चरबीत ४८३ क्रमांकाच्या घराण्यातली एक चिठ्ठी जास्त आढळली. ही चिठ्ठी मेदपेशीला नीट वाढू देत नाही, म्हणजे कणगी लहान ठेवते. आणि हीच चिठ्ठी जन्माच्या वेळी कमी वजन असलेल्या मोठ्या माणसांच्या चरबीतही जास्त सापडली. आईच्या ताटात डाळ कमी पडली, तर तिच्या लेकराच्या कणगीवर चिठ्ठी लागली, आणि ती चिठ्ठी लेकरू मोठं झालं तरी तिथेच.

हे वाचलं आणि मला माझा एक विद्यार्थी आठवला.

१९८६चं साल असेल. आठवीचा वर्ग. एक पोरगा होता, गोल गरगरीत, पळताना धापा टाकायचा. एकदा कविता पाठ नव्हती म्हणून मी त्याला फळ्याजवळ उभा केला आणि म्हणालो, "एवढं मोठं गोदाम, आणि आत एक ओळ नाही?" वर्ग फुटला हसून. त्या दिवसापासून त्याचं नाव 'गोदाम' पडलं. दहावीपर्यंत नव्हे, जन्मभर. दोन वर्षांपूर्वी शनिवारी आपल्या काष्टीच्या बैलबाजारात भेटला. पाया पडला. पायाला बँडेज होतं, साखरेमुळे जखम भरत नव्हती. मी विचारपूस केली. बोलता बोलता म्हणाला, "सर, आई सांगायची, मी पोटात असताना ती बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडत होती. मिलोची भाकरी आणि सुकडी, ती पण अर्धी थोरल्याला." आणि हसून पुढे म्हणाला, "गोदाम तवाच बांधलं असंल!"

तो हसला. मला मात्र हसता आलं नाही.

एका माणसाच्या कहाणीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी इतिहास शिकवताना पोरांना सांगत आलोय. त्याच्या साखरेचं कारण तो दुष्काळच, असं मी म्हणणार नाही. पण हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं तेव्हा उपासमार झाली, आणि त्या काळाच्या आसपास जन्मलेले तीन लाख मुलगे एकोणिसाव्या वर्षी लष्कराच्या तपासणीला आले, त्यांच्या नोंदी १९७६ साली अभ्यासल्या गेल्या. गरोदरपणाच्या पहिल्या सहामाहीत उपासमार सोसलेल्यांमध्ये लठ्ठपणा जास्त निघाला. आपल्या डॉ. आनंदवर्धन हर्डीकरांनी आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तर उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिल्लं कमी वजनाची, आणि मधुमेहाकडे झुकलेली. मग दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं, तरी दोष गेला नाही! भूक शरीरात अनेक प्रकारांनी लिहिली जाते. मूळ पुस्तकाच्या पानांवरही खुणा होतात, चिठ्ठ्याही डकवल्या जातात. आपण मात्र आज समोर दिसणारं पोट बघतो आणि कालचं ताट विसरतो.

काष्टीच्या माणसाला हे समजायला खरं तर अवघड नाही. दर शनिवारी इथे केवढी जनावरं उतरतात! खोंड घेणारा गडी नुसतं खोंड बघत नाही. त्याची आई कशी होती, गाभणपणात तिला काय चारलं, हे तो विचारून घेतो. गाय शेवटच्या दोन महिन्यांत आली की आपण तिचं दूध आटवतो आणि खुराक वाढवतो. सरकी पेंड, हिरवा चारा, काही कमी पडू देत नाही. का? तर पोटातलं वासरू चांगलं निपजावं म्हणून. आणि त्याच घरातली गरोदर सून? ती सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं घेऊन, चुलीपाशी बसते. दूध विकायला जातं आणि तिच्या चहात जाईल तेवढंच तिला मिळतं. पुण्याच्या त्या सहा खेड्यांच्या अभ्यासात निघालं काय? तर ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा आलं, त्यांची बाळं चांगल्या वजनाची झाली. यात मोठी जादू काहीच नाही. गाईच्या दावणीला जे आपण करतो, तेच घरात करायचं.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दूध-दही, अंडी आणि मांसाहारातून. म्हणून पुढे २०१२पासून त्याच गावातल्या, १९९३नंतर जन्मलेल्या मुलामुलींना, त्यांची लग्नं होण्याच्या आधीपासून, बी-१२च्या गोळ्या द्यायचा प्रयोग सुरू केला. कल्पना बघा किती साधी आणि किती खोल! बाळाची काळजी घ्यायची तर बाळाची आई वयात येत असतानाच घ्यायला हवी. डोहाळजेवणाला ओटी भरेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि हो, हे सगळं वाचून आता सुनांच्या आणि आयांच्या माथी खापर फोडू नका. २०१६ साली चीन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच दाखवलं, की नराच्या खाण्याचा परिणाम त्याच्या शुक्राणूंतल्या बारीक आरएनएमधून पिल्लांपर्यंत जातो. या चिठ्ठ्या वेगळ्या जातीच्या, पण चिठ्ठ्याच. म्हणजे बापाचंही ताट पोराच्या खात्यावर लिहिलं जातं! रोज संध्याकाळी फाट्यावर भजी-वड्यांच्या गाड्याभोवती उभ्या असणाऱ्या तरुण मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं.

आता त्या 'मग रोज वडापाव खायचा का?' या प्रश्नाकडे येतो. नाही. चिठ्ठी म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. चिठ्ठ्या रोज लिहिल्या जातात आणि रोज फाडल्या जातात. २०१७ साली उंदरांत असं आढळलं, की चरबी स्वतःच्या चिठ्ठ्या बारीक पुड्यांत घालून रक्तात सोडते आणि त्या यकृतापर्यंत जाऊन तिथला कारभार बदलतात. म्हणजे चरबी ही निपचित पडलेली पिशवी नसून बोलणारा अवयव आहे. आपण काय खातो आणि किती चालतो, त्यावर तिचं बोलणं ठरतं. कणगीचा आकार आपल्या हातात नसेल, पण तिच्यात किती ओतायचं हे पुष्कळसं आपल्या हातात आहे. मी स्वतः रोज सकाळी रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतो, आणि साखर त्यानेच आटोक्यात आहे. मी म्हणतोय ते इतकंच, की प्रयत्न करायला सांगणं वेगळं आणि गुन्हेगार ठरवणं वेगळं. दोन माणसं सारखीच भाकरी खातात, सारखंच चालतात, तरी एकाच्या अंगाला लागतं आणि एकाच्या लागत नाही. हे आपण डोळ्यांनी बघतो, आणि तरी जो जाड त्यालाच आळशी म्हणतो. हा कुठला न्याय?

'यावर औषध निघेल का?' असंही मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, या चिठ्ठ्यांच्या भावंडासारखे कृत्रिम आरएनए बनवून औषधं झालेली आहेत. कोलेस्टेरॉल कमी करणारं एक इंजेक्शन तसंच आहे, सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदा घ्यायचं. पण लठ्ठपणाचं तेवढं सोपं नाही, कारण एकच चिठ्ठी पन्नास निरोपांवर बसते. चरबीचं काम थांबवायला जावं आणि दुसरंच काहीतरी बंद पडावं! मला ते पटलं. गावातही असंच असतं. एका माणसाची बदली करायला जावं तर चार खाती ठप्प होतात.

म्हणून औषधाची वाट बघत बसण्यापेक्षा माझं मत स्पष्ट सांगतो. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निघालं. त्यावर उपाय म्हणून आपण जिम, ग्रीन टी आणि 'वजन घटवा' असल्या पाट्या लावतोय. खरा उपाय स्वयंपाकघरात आहे आणि तो वयात येणाऱ्या मुलीच्या ताटापासून सुरू होतो. तिला दूध, डाळ, पालेभाजी, जमेल त्या घरात अंडं, आणि खेळायला मैदान. भावाला आधी आणि तिला नंतर, हे बंद. सून शेवटी जेवते, हे बंद. शाळेतल्या पोषण आहाराच्या खिचडीकडे 'गरिबांचं जेवण' म्हणून नाक मुरडणं बंद. ही खिचडी म्हणजे दोन पिढ्यांपुढचं औषध आहे.

आणि माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे मास्तर, आजोबा, काका, मावश्या यांच्यासाठी शेवटचं : जाड पोराला नाव ठेवणं बंद. हा नुसता सभ्यतेचा प्रश्न नाही, हे मला आता कळलं. पंगतीत हसलेली ती पंधरा वर्षांची पोर दहा दिवस डबा गाईला घालत होती. तिचं वय काय? जे वय पुढच्या पिढीची कणगी घडवण्याची तयारी करतं, तेच. म्हणजे आपल्या एका विनोदाने आपण तिला बाहत्तरच्या दुष्काळात नेऊन उभं केलं, आणि तेही भरल्या घरात! पाऊस पडला नाही तो दुष्काळ सोसावा लागतो. हा दुष्काळ आपण तोंडाने आणला.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी गेल्या शनिवारी बाजारात गाठलं. त्याला नावाने हाक मारली, खऱ्या नावाने. चाळीस वर्षांनी. "चुकलं माझं तेव्हा," असं म्हणालो. तो गोंधळला. "जाऊ द्या की सर, कुठलं काय काढता," म्हणाला, आणि चहा सांगितला. बिनसाखरेचे दोन.

नातीला मी हे सगळं असंच सांगितलं. कपाट, शिपाई, चिठ्ठी, कणगी. तिला निम्मं आधीच ठाऊक होतं, उलट मलाच दोन ठिकाणी दुरुस्त केलं. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आबा, मी मुद्दाम नाही झाले जाड." म्हटलं, "नाही बाळा." मग जरा वेळाने म्हणाली, "पण पंगतीत तुम्ही पण हसला होतात."

होय. हसलो होतो. त्याला कुठल्याच चिठ्ठीचं निमित्त नव्हतं.

त्या रात्री तिने दोन भाकरी खाल्ल्या आणि मेथीची भाजी पुन्हा मागितली. पुढच्या महिन्यात दौंडला आणखी एक लग्न आहे. पंगतीत ती माझ्याच शेजारी बसणार आहे. मंडळी, तुम्हीही सगळे तिथे असणार. वाढायला येणाऱ्यांनी वाढावं आणि पुढे जावं, एवढीच विनंती.